काँगरी: पाणी सांगेल तो बेत

निघण्याआधी

काँगरी नॅशनल पार्कला जायचं ठरलं की हॉटेल, डबे, बूट या सगळ्याच्या आधी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे नदीचं पाणी. दक्षिण कॅरोलायनात, कोलंबिया शहरापासून अर्ध्या तासावर हे जंगल आहे. ब्रॉड आणि सलूडा या दोन नद्या कोलंबियात एकमेकींना मिळतात आणि तिथून पुढे त्यांना काँगरी म्हणतात. त्या नदीच्या सखल काठावर 26 हजार एकरांहून मोठं हे उद्यान पसरलं आहे. त्यातलं सुमारे 11 हजार एकर जुनं जंगल कुऱ्हाडीतून वाचलेलं आहे. वर्षातून सरासरी दहा वेळा नदी पात्र सोडून झाडांत शिरते, काही दिवस राहते आणि ओसरते. त्यामुळे आज ज्या वाटेवरून कोरड्या पायाने चाललो ती परवा कमरेइतक्या पाण्याखाली असू शकते. आणि आज जिथे होडी चिखलात रुतेल तिथे परवा झाडाझाडांतून वल्हवत जाता येतं.

आम्ही उत्तर कॅरोलायनातल्या शार्लटला राहतो. गाडीने दोन तासांच्या आत हे जंगल गाठता येतं, तरी इतकी वर्षं आम्ही समुद्राकडे जाताना त्याच्या बाजूने निघून जायचो. या वेळी चिपळूणहून आई-बाबा आले होते. बाबांना आधी मी डोंगर सुचवले, मग समुद्र. दोन्हींना त्यांनी मान डोलावली. मग सहज म्हणाले, "इथे जवळपास पूर येणारी नदी आहे का?" वाशिष्ठीकाठच्या माणसाने असं विचारण्यात नवल नाही. 2005 चं पाणी त्यांनी पाहिलं, आणि 22 जुलै 2021 चंही. मी त्यांना काँगरीबद्दल सांगितलं, की तिथे पूर यावा म्हणूनच जंगल राखलं आहे. पूर गाळ आणतो, गाळावर झाडं पोसतात, आणि पूर थांबला तर ते जंगल हळूहळू दुसरंच काहीतरी होऊन जाईल. बाबा जरा थांबून म्हणाले, "मग तेच बघू."

पण काय काय बघायचं? प्रत्येकाची फर्माईश वेगळी. लेकीला होडी हवी होती. नवऱ्याला वेस्टन लेकच्या बाजूने जाणारी साडेचार मैलांची वाट चालायची होती, शिवाय तंबूत झोपायचं होतं. आईचे गुडघे दुखतात, तिला सपाट वाट आणि बसायला बाकं हवीत. मला पक्षी. बाबांना पाणी. एप्रिलचा मध्य होता, म्हणजे नवी पालवी फुटलेली, गाणारे पक्षी दक्षिणेकडून परतलेले आणि डास अजून माजलेले नाहीत. एकाच तालात लुकलुकणारे काजवे मात्र मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच दिसतात. तेव्हा इतकी गर्दी होते की गाडी आत न्यायला सोडतीत नाव निघावं लागतं. ते या खेपेला जमणार नव्हतं.

मी यूएसजीएसचं, म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं पान उघडलं. काँगरी नदीवर आणि पार्कातल्या सीडर क्रीक या ओढ्यावर त्यांची पाणी मोजणारी यंत्रं आहेत, आणि पाणी किती चढलं-उतरलं ते घरबसल्या आलेखात दिसतं. बाबा शेजारी येऊन बसले. पहिला प्रश्न: "वर धरण आहे का?" आहे, सलूडावर. त्या धरणामागे लेक मरे नावाचा मोठा जलाशय आहे, 1930 मध्ये बांधून झालेला. ब्रॉडवर तसं मोठं धरण नाही, म्हणून तिचा पूर बराचसा तिच्या मर्जीने येतो. कोयनेचं वीज करून सोडलेलं पाणी आमच्या वाशिष्ठीत येतं, त्यामुळे धरण आणि नदीचा हा हिशेब बाबांना समजावून सांगावा लागला नाही.

त्या आठवड्यात मंगळवारी डोंगराकडे जोरदार पाऊस झाला होता. बुधवारी रात्री ब्रॉडचा आलेख वर सरकू लागला. ते पाणी कोलंबियातून खाली पार्कापर्यंत पसरायला वेळ घेतं, म्हणजे जंगलात ते शनिवारी रात्रीपासून चढणार. आमची होडी रविवारी ठरलेली होती. गुरुवारी सकाळी फोन करून ती शनिवारवर घेतली. बाकीचे बेत मोकळेच ठेवले.

नकाशा बंद करण्याआधी बाबांनी आणखी एक गोष्ट शोधून काढली. आमच्या घराच्या पन्हळीतून पडणारं पाणी मॅकअल्पाइन क्रीकमध्ये जातं, तिथून शुगर क्रीक, तिथून कॅटॉबा नदी. कॅटॉबाला पुढे वॉटरी म्हणतात, आणि वॉटरी काँगरीला मिळते ती थेट या पार्काच्या पूर्वेच्या टोकाला. दोघी मिळून पुढे सँटी होतात. म्हणजे शार्लटचा पाऊसही त्या जंगलाच्या कडेने जातो. बाबांनी तो सगळा मार्ग लेकीच्या वहीत काढून घेतला.

शुक्रवार

दुपारी कोलंबियाच्या हॉटेलात सामान टाकलं. राहण्याचं आम्ही वाटून घेतलं होतं. नवरा आणि लेक पार्काच्या तोंडाशी असलेल्या लाँगलीफ कॅम्पग्राउंडवर, आम्ही तिघं शहरात. तिथे फक्त तंबूच लावता येतो, गाडी तंबूपर्यंत जात नाही, नळ नाही, फ्लशचं शौचालय नाही. वयस्कर माणसं बरोबर असतील तर शहरातच राहावं, अर्ध्या तासाचं तर अंतर आहे. पार्कात जेवायला काही मिळत नाही, हे मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावं. आईने तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणीची चटणी आणि काकड्या घेतल्या होत्या. आमचं सगळं त्यावर भागलं.

पार्कात शिरायला पैसे पडत नाहीत. व्हिजिटर सेंटरला हॅरी हॅम्प्टन यांचं नाव दिलं आहे, त्यांच्याविषयी पुढे सांगते. बाहेर भिंतीवर डासांचं मीटर टांगलेलं आहे. काटा एकवर असेल तर 'ऑल क्लिअर', सहावर असेल तर 'वॉर झोन'. आमच्या वेळी काटा दोनवर होता. जुलै-ऑगस्टमध्ये इथे यायचा विचार असेल तर त्या काट्याचा मान ठेवून लांब बाह्यांचे कपडे आणावेत.

पहिल्या दिवशी आम्ही बोर्डवॉक निवडला, आणि जंगलाची पहिली ओळख करून घ्यायला याहून चांगलं काही नाही असं मला आता ठामपणे वाटतं. अडीच मैलांच्या आसपासचा हा लाकडी मार्ग फिरून पुन्हा सेंटरपाशी येतो. चाकाची खुर्ची जाईल इतका रुंद आणि सपाट आहे, मध्ये मध्ये बाकं आहेत. आई काठी घेऊन निघाली आणि बाकाबाकावर बसत पुढे सरकत राहिली. सुरुवातीचा भाग उंच खांबांवर आहे, पुढचा जमिनीलगत. सेंटर ज्या उंचवट्यावर आहे तिथून खाली सखल जंगलात शिरताना हवा एकदम गार लागते. डोक्यावर पानांचं छत शंभर फुटांच्या पुढे. उन्हाचे कवडसे खालपर्यंत येतात, पण मोजकेच.

खाली जमीन म्हणजे काळा, गुळगुळीत चिखल. माती आणि कुजलेली पानं मिसळून झालेला हा थर आठ फूट जाड आहे. पुराबरोबर आलेली घाण या चिखलात अडकते आणि मुरता मुरता निरुपद्रवी होते. लेक कठड्यावरून वाकून बराच वेळ बघत होती. "यात पडलं तर?" तिने विचारलं. आईने तिचा फ्रॉक धरून ठेवला.

त्या चिखलातून वर आलेले लाकडी सुळके हे इथलं सगळ्यांत विलक्षण दृश्य. हे बाल्ड सायप्रसचे 'नी', म्हणजे त्याच्या मुळांतून सरळ वर उगवलेले खुंट. काही वीतभर, काही कमरेपर्यंत, काही त्याहून उंच. टोकं गोल, साल तांबूस आणि तंतुमय, बोटाने चोळली तर मऊ लागते. एका झाडाभोवती मी मोजायला घेतले आणि सोडून दिले. झाड त्यांच्यातून श्वास घेतं असं पूर्वी सांगत, पण प्रयोगांतून ते पक्कं सिद्ध झालेलं नाही. मऊ जमिनीत झाडाला आधार मिळावा म्हणून ते असावेत, असंही काही अभ्यासक मानतात. सायप्रस हा सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात पानं गाळतो. एप्रिलमध्ये त्याची पालवी इतकी कोवळी हिरवी असते की उन्हात ती पिवळी वाटते.

ते खुंट बघून बाबांना दोडामार्ग आठवलं. सिंधुदुर्गातल्या हेवाळे-बांबर्डे इथे मायरिस्टिकाची दलदल आहे. मायरिस्टिका म्हणजे रानजायफळाचं कूळ. तिथेही मुळं चिखलातून वर येतात, पण ती गुडघ्यात वाकून पुन्हा आत जातात. महाराष्ट्र सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला आहे. क्षेत्र अवघं 2.59 हेक्टर. बाबा तिथे जाऊन आले आहेत. "तिथे एवढ्याशा जागेला आपण जपतोय," ते म्हणाले, "आणि इथे दिवसभर चाललो तरी संपत नाही." मला दोन्हींचं मोल सारखंच वाटतं. तिथली दलदल गेली तर राज्यात अशी दुसरी जागा सापडणं अवघड.

पुढे एका टुपेलोच्या झाडापाशी बाबा थांबले. टुपेलोचा बुंधा खाली फुगीर असतो, वर निमुळता होत जातो. त्या बुंध्यावर त्यांच्या खांद्यापर्यंत गाळाचा फिकट राखाडी पट्टा होता. पट्ट्याची वरची कड सरळ, पट्टी लावून आखल्यासारखी. त्याच्यावर हिरवं शेवाळ. बाबांनी कठड्यावरून हात लांब करून ती कड बोटाने दाखवली, मग शेजारच्या झाडावर तीच कड शोधली, मग त्यापलीकडच्या. सगळीकडे एकाच पातळीत. "हे शेवटचं पाणी," ते म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. आमच्या चिपळूणच्या घरात, माळ्याच्या जिन्याशी, 2021 ची अशीच कड अजून आहे. रंग देताना बाबांनी तेवढी जागा मुद्दाम सोडायला लावली होती.

वेस्टन लेकपर्यंत पोचेस्तोवर ऊन कललं होतं. हा तलाव म्हणजे काँगरीचंच जुनं वळण. नदी दक्षिणेकडे सरकली आणि वळण मागे राहिलं. ओंडक्यांवर कासवं ओळीने ऊन खात बसली होती. परतीच्या वाटेवर बुटके ताड आणि प्रचंड लॉबलॉली पाइन लागले. हे पाइन इथे 160 फुटांच्या पुढे जातात. मध्येच छताला मोठं भगदाड दिसलं की समजावं, 1989 च्या ह्यूगो वादळाने तिथली झाडं आडवी केली. पडलेल्या खोडांवर आता दुसरी झाडं उभी आहेत.

शनिवार

सीडर क्रीकवर होडीची वाट आहे, एकूण 15 मैलांच्या आसपास. पार्क स्वतः होड्या भाड्याने देत नाही, कोलंबियातल्या एखाद्या होडीवाल्याकडून आधी ठरवून घ्याव्या लागतात, किंवा आपली आणावी लागते. आमच्यासमोर दोन पर्याय होते. बॅनिस्टर्स ब्रिजपाशी उतरून प्रवाहाबरोबर खाली यायचं, किंवा खालच्या धक्क्यावरून आधी उलट दिशेला जाऊन परत यायचं. पहिल्यात कष्ट कमी, पण सोडायला-आणायला दोन गाड्या लागतात आणि मध्ये पडलेली झाडं किती ते जाऊन बघेपर्यंत कळत नाही. पाणी चढत असताना पडलेल्या झाडाच्या फांद्यांत होडी ढकलली जाणं हा इथला खरा धोका आहे. आमच्याबरोबर आलेल्या वाटाड्याने दुसरा पर्याय घ्यायला सांगितलं. दमाल तेव्हा वळा, पाणी तुम्हाला घरी आणेल, असं त्याचं साधं म्हणणं. उद्या पाण्यात उतरायचं नाही, हेही त्याने तेव्हाच सांगून टाकलं.

पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. पानांतून उतरलेल्या टॅनिनमुळे तसं दिसतं, बाकी ते स्वच्छ असतं. वल्हं आत घातलं की त्याचं पातं तांबूस होऊन दिसेनासं व्हायचं. दोन्ही काठांवरून झाडं पाण्यावर झुकलेली. क्रीक इतकी अरुंद की कुठे कुठे दोन होड्या शेजारून जाणार नाहीत. झुकलेल्या फांद्यांवर तपकिरी पाणसाप वेटोळं घालून ऊन खात होते. ते विषारी नाहीत, पण फांदीखालून जाऊ नका, दचकला तर खाली पडतो, असं वाटाड्याने बजावलं. कॉटनमाउथ हा विषारी सापही इथे आहे. त्यामुळे ओंडक्यावर हात ठेवण्याआधी बघायचं, हा नियम लेकीने दिवसभर पाळला आणि आम्हालाही पाळायला लावला.

मी ज्याच्यासाठी आले होते तो पक्षी दुसऱ्या वळणावर भेटला. आधी आवाज आला, एकाच सुरात लागोपाठ चार-पाच खणखणीत शीळ. मग पाण्यापासून हातभर उंचीवर, एका कुजक्या खुंटाच्या भोकाशी तो दिसला. प्रोथोनोटरी वॉर्ब्लर. चिमणीएवढाही नाही. डोकं आणि छाती गर्द पिवळी, पंख निळसर राखाडी, डोळा काळाभोर. हा झाडाच्या ढोलीत घरटं करतो, तेही शक्यतो पाण्यावरच्या. खाली पाणी असलं की अंडी खायला येणारे कमी. हिवाळा काढायला तो दक्षिण अमेरिकेच्या खारफुटीपर्यंत जातो आणि वसंतात परत इथे येतो. चोचीत शेवाळाचा झुपका घेऊन तो ढोलीत शिरला, बाहेर आला, पुन्हा पाण्याकाठचं शेवाळ उचललं. आम्ही वल्ही आडवी ठेवून थांबलो. प्रवाह होडी हळूहळू मागे नेत होता आणि नवरा एका हाताने वेल धरून ती थांबवत होता. मी पक्षी पुष्कळ बघितले आहेत, पण इतक्या जवळून, इतका वेळ, आणि तो आपल्याच कामात, असं क्वचित घडलं असेल.

परतताना पाण्याचा जोर सकाळपेक्षा वाढलेला हाताला जाणवत होता. धक्क्यावर बांधलेला दोर सकाळी ज्या दगडावरून आत गेला होता तो दगड आता ओला होता.

तोवर आई-बाबा काय करत होते? आई व्हिजिटर सेंटरच्या व्हरांड्यात झुलत्या खुर्चीत स्वेटर विणत बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या लहान मुलांशी मराठीत बोलत होती. बाबांनी रेंजरबाईंना गाठलं होतं. त्यांनी वहीत लिहून आणलेलं मी इथे थोडक्यात देते, कारण होडी आणि पायवाटेइतकंच हे ऐकणंही पार्कात करण्यासारखं आहे.

या जंगलात माणसं राहत होती. गुलामीच्या काळात मळ्यांमधून पळालेली माणसं या दलदलीत लपून राहिली, वस्त्या करून राहिली. पाठलाग करणाऱ्यांना इथला चिखल आणि पूर आडवा येत असे. मळेवाल्यांनी पुराला अडवायला मातीचे बांध घालून बघितले, त्यातलं बरंचसं काम गुलामांकडूनच करून घेतलं. गुरांसाठी मातीचे उंचवटे बांधले, पाणी आलं की गुरं त्यावर चढायची. त्यातले काही उंचवटे अजून जंगलात शिल्लक आहेत. बाबांना त्याचा नकाशाच हवा होता. पण ते आत खोलवर आहेत, चालत जाण्याजोगे नव्हते.

मग लाकूडवाले आले. फ्रान्सिस बीडलर यांच्या कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथली जमीन घेतली आणि सायप्रस तोडायला सुरुवात केली. पण जमीन ओली, वाट नाही, आणि हिरवे ओंडके इतके जड की नदीत सोडले तर बुडत. काही वर्षांत तोड थांबली, जंगल बरंचसं वाचलं. कोलंबियाच्या एका वर्तमानपत्रात काम करणारे हॅरी हॅम्प्टन 1950 च्या दशकापासून हे जंगल राखा म्हणून लिहीत, बोलत राहिले. फारसं कोणी ऐकलं नाही. 1969 मध्ये लाकडाचे भाव चढले आणि तोड पुन्हा सुरू झाली, तेव्हा मात्र लोक उभे राहिले. 1976 मध्ये राष्ट्रीय स्मारक झालं, 2003 मध्ये राष्ट्रीय उद्यान. बाबांनी हॅम्प्टनच्या नावाखाली वहीत दोन रेघा ओढल्या होत्या.

संध्याकाळी आम्ही सगळे पुन्हा बोर्डवॉकच्या उंच भागावर गेलो, घुबडं ऐकायला. बार्ड आउल इथे भरपूर. अंधार पडायच्या आधीच दोघांची हाक-प्रतिहाक सुरू झाली आणि शेवटी दोघं एकदमच घुमायला लागली. आई हसून म्हणाली, "भांडतायत." टॉर्च नेलात तर तो खाली धरा, झाडांवर मारू नका.

रविवार

पहाटे फोनवर आलेख बघितला. रेघ उभी चढली होती. सेंटरमध्ये फळ्यावर लिहिलं होतं: बोर्डवॉकचा सखल भाग बंद, लांबच्या वाटांवर ठिकठिकाणी पाणी. नवऱ्याचा वेस्टन लेकचा बेत तिथेच मिटला. आकाश निळंभोर होतं. कोलंबियात आठवडाभर थेंब पडला नव्हता. नवे आलेले लोक रेंजरना विचारत होते की पाऊस नाही तर पूर कसला. चिपळूणला हा प्रश्न कोणी विचारणार नाही.

उंच बोर्डवॉक उघडा होता. तिथून जे बघितलं त्यासाठी मी पुन्हा कितीही वेळा इतका प्रवास करीन.

पाणी सगळीकडून एकदम येत नाही. नदीचा काठ आतल्या जंगलापेक्षा किंचित उंच असतो, कारण जड गाळ काठावरच बसतो. त्या काठाला जागोजाग चिरा आहेत, त्यांना इथे 'गट' म्हणतात. नदी चढली की त्या चिरांमधून पाणी आत शिरतं. एरवी जंगलातलं पाणी नदीकडे जातं, त्या दिवशी ते उलट येत होतं. आमच्या खालचा असाच एक ओहोळ शुक्रवारी जवळजवळ कोरडा होता, तळाला फक्त पानं. आता त्यातून पाणी सरकत होतं. आवाज नाही, लाट नाही. पुढची कड पानांचा फेसाळ पट्टा ढकलत यायची, एखाद्या मुळाशी अडायची, भरायची, आणि वळसा घालून पुढे जायची. त्या कडेवर जिवांची धांदल उडालेली. कोळी बुंध्यावर चढत होते. कीटक पानांवर बसून वाहत होते. लाल मुंग्या एकमेकींना धरून, गोळा होऊन तरंगत होत्या, आणि तो गोळा खोडाला लागला की झाडावर पसरत होता. एक लालसर झिंगा चिखलातून वर येऊन पाण्याच्या तोंडाशी उभा राहिला, दोन्ही नांग्या वर करून.

बाबांनी सायप्रसचा एक खुंट हेरला. त्याच्यावर वीतभर अंतराने दोन गाठी होत्या. खालची गाठ पाण्यात जायला किती वेळ लागतो हे ते घड्याळ लावून बघत बसले. लेक शेजारी मांडी घालून बसली. चिपळूणला पाणी भरायला लागलं की घरातलं कोणीतरी असंच पायरीवर बसतं. एक पायरी गेली, दुसरी गेली, आता वरच्या माळ्यावर सामान न्या. लहानपणी मीही बसले आहे. "आजोबा, हे पाणी वाईट आहे का?" तिने विचारलं. बाबा म्हणाले, "नाही गं. याला जायला जागा आहे." थोड्या वेळाने खालची गाठ दिसेनाशी झाली आणि त्यांनी वहीत वेळ लिहिली.

मला वाटतं, या पार्कात काय करावं याचं खरं उत्तर त्या खुंटापाशी आहे. होडी, पायवाट, पक्षी, काजवे, यांपैकी काहीही निवडा, पण पाणी चढतं-उतरतं ते बघायला निदान एक सकाळ ठेवा. इथली झाडं एवढी मोठी का, सायप्रस आणि टुपेलो खड्ड्यात का आणि पाइन वीतभर वर का, त्या बुंध्यांवर राखाडी पट्टा का, हे सगळं त्या वाहत्या पानांकडे बघताना समजतं. जमिनीच्या काही इंचांच्या चढ-उतारावर इथे झाड बदलतं.

उरलेल्या वेळात आम्ही ब्लफ ट्रेल केला. तो उंचवट्यावरून जातो, त्यामुळे पूर आला तरी चालता येतो. वेळ कमी असेल आणि खाली पाणी असेल तर हाच निवडावा. वर लाँगलीफ पाइन आहेत आणि त्यांना पाण्याऐवजी आगीची गरज असते. पार्कवाले मुद्दाम, ठरवून खालचं गवत जाळतात, म्हणून खोडांचे बुडखे काळे दिसतात. वाट सोपी आहे, पण बाकं कमी. आई अर्ध्यातून परतली आणि खुर्चीत बसून उरलेली बाही विणून पूर्ण केली.

दुपारी पुऱ्यांचा शेवटचा डबा संपवून निघालो. गाडीत लेकीने काजव्यांच्या सोडतीचं पान वाचून दाखवलं, पण मेच्या शेवटी तिची परीक्षा आहे आणि आई-बाबांचं परतीचं तिकीट त्याआधीचं. म्हणून तो विषय पुढच्या वर्षावर गेला. पूर इथे मुख्यतः हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला येतो, शरदात नदी सहसा सगळ्यांत खाली असते. तेव्हा नवऱ्याचा वेस्टन लेकचा ट्रेल ऑक्टोबरसाठी ठेवला आहे, आणि तंबूची जागा तो आत्तापासूनच शोधतो आहे. बाबा चिपळूणला परतले तरी काँगरीचा आलेख रोज उघडतात. पाणी चढलं की आम्हाला फोन येतो.